शेंगा थांबायच्या तेव्हा

गेल्या महिन्यात ऑफिसच्या कँटीनमध्ये एका नव्या मुलाने मला विचारलं, "सर, 'आहट' बघायची म्हणतोय. कुठल्या सीझनपासून सुरू करू?" माझ्या हातात उपम्याची बशी होती. चमचा खालीही न ठेवता मी म्हणालो, "पहिलाच बघ. बाकीच्यांच्या नादी लागू नकोस, उगाच रात्री वाया जातील." लोक ज्या सुरात 'हापूस खावा तर देवगडचा' म्हणतात, त्या सुरात. मुलगा मान डोलावून गेला. माझा उपमाही संपला. संध्याकाळी घरी येताना कात्रजच्या सिग्नलला दहा मिनिटं अडकलो होतो, पुढे कांद्याचा टेम्पो, मागे कुणीतरी हॉर्नवर हात ठेवून बसलेला. तिथे काही कारण नसताना ते संभाषण परत आठवलं आणि लक्षात आलं की आपण चक्क थाप मारली. भुताखेतांच्या त्या जुन्या हिंदी मालिकेचा, 'आहट'चा, पहिला सीझन मी पाहिलेलाच नाही.

ऐकलाय.

मिरजेला आम्ही रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहायचो. दोन खोल्या, मागे न्हाणीघर, पुढे कडुनिंब. अण्णा मालगाडीवर गार्ड होते, म्हणजे आठवड्यातल्या तीन-चार रात्री ते ब्रेकव्हॅनमध्ये नाहीतर कुठल्या तरी स्टेशनाच्या रनिंग रूममध्ये असायचे. रंगीत टीव्ही सोसायटीचं कर्ज काढून घेतलेला होता. त्यामुळे त्याच्यावर आईने भरतकाम केलेला रुमाल आणि आम्हा भावंडांवर नियम, अशी व्यवस्था होती. नियम एकच, नऊच्या ठोक्याला आतल्या खोलीत. ताई पडल्यापडल्या झोपायची. मी पाचवीत होतो आणि मला झोप येत नसे. मधल्या दाराला पडदा होता आणि दाराच्या वर काचेचा एक झरोका. बाहेरच्या खोलीतल्या टीव्हीचा उजेड त्या झरोक्यातून आमच्या छतावर पडायचा. निळा, मधेच पांढरा, मधेच काहीच नाही. पांघरूण नाकापर्यंत ओढून मी छताकडे बघत राहायचो. माझ्यासाठी 'आहट' म्हणजे छतावरचा तो उजेड आणि पडद्यापलीकडून येणारे आवाज. हिंदी तेव्हा अर्धंमुर्धं कळायचं. कोण कुणाचा नवरा, कुणी कुणाला का मारलं, याचा पत्ता नसायचा. पण जिन्यावरची पावलं, दाराची करकर, बाईने दाबून धरलेला श्वास, याला कुठली भाषा लागते?

त्या आवाजांत एक आवाज मालिकेचा नव्हता. आईच्या पुढ्यात सूप असायचं आणि सुपात भुईमुगाच्या शेंगा. दुसऱ्या दिवशीच्या कुटासाठी, चटणीसाठी ती रात्री शेंगा फोडत बसायची. कुट्ट. जरा वेळाने परत कुट्ट. टरफलं एका बाजूला, दाणे एका बाजूला. पहिले काही आठवडे मला तो आवाज टीव्हीतलाच वाटला होता. कुणीतरी बोटं मोडतंय, किंवा हाडं. एकदा पाणी प्यायच्या निमित्ताने बाहेर आलो तेव्हा उलगडा झाला आणि तेवढ्यापुरती भीती गेली. पण मग मला दुसरीच गोष्ट कळायला लागली. गोष्ट रंगली की शेंगा थांबायच्या. पडद्यावर काय चाललंय ते मला दिसत नव्हतं, पण कुट्ट-कुट्ट थांबलं की समजायचं, आता आहे काहीतरी. त्या शांततेत मी श्वास मोजायचो. कधी चार, कधी दहा. एकदा तर जाहिराती लागेपर्यंत एकही शेंग फुटली नाही. साबणाच्या जाहिरातीचं गाणं सुरू झालं आणि तिने एकदम भराभरा चार-पाच फोडल्या, थकबाकी भरावी तशा. उलट काही रात्री असायच्या की शेंगा अखंड चालू. बाई किंचाळतेय, कुत्री रडतायत, ढग गडगडतायत आणि आईचा हात चालूच. ती रात्र फुकट गेली, हे मला आत पडल्यापडल्या कळायचं. मग मीही कूस बदलून झोपायचो.

म्हणजे त्या वयात माझ्याकडे प्रत्येक भागाचं परीक्षण होतं. चांगला भाग कुठला आणि टाकाऊ कुठला, हे मी न बघता सांगू शकलो असतो. आणि टाकाऊ भाग बरेच असायचे, हे कँटीनमध्ये बोलताना मी सपशेल विसरलो होतो.

भीतीचा आणखी एक पुरवठादार होता. गाडीवर जाणाऱ्या रनिंग स्टाफला ड्यूटीचा बोलावा द्यायला तेव्हा कॉलबॉय घरी यायचा. बॉय कसला, पन्नाशीचे गृहस्थ होते, कानाला मफलर, सायकलच्या कॅरियरला कॉलबुक अडकवलेलं. गाडी सुटायच्या दोनेक तास आधी यायचं, कडी वाजवायची, वहीत सही घ्यायची आणि पुढच्या क्वार्टरकडे निघायचं. रात्री-अपरात्री दार वाजणं ही आमच्या वस्तीत रोजची गोष्ट होती. रोजची होती म्हणून छाती धडधडायची थांबत नसे. एका रात्री अण्णा आत आमच्याशेजारी झोपले होते, बाहेर आवाज बारीक करून 'आहट' चालू होती, शेंगा थांबलेल्या होत्या आणि कडी वाजली. टीव्हीतली की आमची, कळेना. परत वाजली. मग सूप पडल्याचा आवाज आला, दाणे फरशीवर घरंगळत गेले आणि आई "कोण?" म्हणाली. तो आवाज तिचा नव्हता. बाहेरून शांतपणे उत्तर आलं, "वहिनी, कॉल." अण्णा उठले, झोपेतच सही केली, चूळ भरली, शर्टाची बटणं लावली. पुढचे आठ दिवस टीव्हीच्या कपाटाखालून दाणे निघत होते. यार्डात मालगाडीच्या वाघिणी एकमेकींवर आदळल्या की तो धडाका डब्याडब्यातून पुढे पुढे जात लांब विरायचा. अण्णा निघून गेल्यावर मी कितीतरी वेळ तोच ऐकत पडलो होतो.

कात्रजच्या सिग्नलला हे सगळं आठवलं आणि ठरवलं, आता निदान बघून तरी घेऊ. जुने भाग इंटरनेटवर सापडतात, तुकड्या-तुकड्यांत का होईना. रात्री जेवणं झाली, भांडी घासून झाली की मी बाहेरच्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसायला लागलो. १९९५ ला सुरू झालेली ही मालिका २००१ पर्यंत चालली. मग २००४ ला उठली, २००७ ला उठली, २००९ ला उठली आणि शेवटची २०१५ ला. प्रत्येक वेळी पुरली आणि प्रत्येक वेळी परत आली. भुताच्या मालिकेला शोभेलसंच आहे ते.

पहिल्या सीझनचे भाग बघताना आधी तर माझा विरसच झाला. छतावरच्या निळ्या उजेडात मी जो वाडा बांधला होता, तो प्रत्यक्षात मुंबईतला साधा दिवाणखाना निघाला. वेताच्या खुर्च्या, काचेचं टेबल, भिंतीवर कसलं तरी निसर्गचित्र. माणसं हळू बोलतात, जरा जास्तच बोलतात. भुताइतकीच खुनाची आणि संशयाची भानगड. विग कळून येतात. पण दोन-तीन रात्रींनी डोळे त्या गतीला सरावले आणि मग एक गोष्ट दिसायला लागली. कॅमेऱ्याला घाई नाही. रिकामा बोळ दाखवला की तो बोळ रिकामाच राहतो. तुम्ही वाट बघता, कुणी येत नाही, आणि कुणी आलं नाही म्हणून जास्त भीती वाटते. मालिका करणारे बी. पी. सिंग हे पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये छायालेखन शिकलेले, पुढे मुंबई दूरदर्शनच्या बातम्यांसाठी कॅमेरा चालवलेले. घटना घडून गेल्यावर तिथे पोचायचं आणि जे उरलंय त्याच्याकडे बघत थांबायचं, ही बातमीवाल्या कॅमेऱ्याची सवय. ती या मालिकेत उतरली असावी, असं मला आपलं वाटतं. याच माणसाने १९९८ ला 'सीआयडी' सुरू केली आणि २००४ मध्ये तिचा १११ मिनिटांचा एक भाग एकाच शॉटमध्ये, मधे कुठेही न कापता चित्रित केला. एवढं थांबणं ज्याला जमतं त्याला बोळाकडे दहा सेकंद बघत राहणं काय जड आहे?

नंतरच्या सीझनमध्ये ते थांबणं हळूहळू जात गेलं. आता घाबरा, असं संगीतच सांगतं. दार उघडायच्या आधी ढोल वाजतो, उघडल्यावर पुन्हा वाजतो, आत मांजर निघालं तरी वाजतो. २०१५ पर्यंत येता येता चित्र इतकं स्वच्छ झालंय की अंधारातही सगळं लख्ख दिसतं. भुताच्या चेहऱ्यावरचा रंग, कॉम्प्युटरने काढलेला धूर, घाबरून पळणाऱ्या मुलीचं जागचं न हललेलं काजळ. शूटिंगला मिळणाऱ्या मुंबईतल्या मढच्या बंगल्यांचे जिने तर आता शेजाऱ्यांच्या जिन्यांइतके ओळखीचे झालेत. टीव्हीवरच्या निम्म्या भुतांनी ते भाड्याने घेऊन ठेवलेत की काय, असं वाटतं. मी एकेक भाग बघायचो आणि मनात कँटीनमधलं वाक्य परत म्हणायचो, बघ, बरोबरच सांगितलं होतं आपण त्याला.

पण सलग चार-पाच आठवडे बघितल्यावर हा ताठा काही टिकेना. पहिल्या सीझनमध्येही शेंगा अखंड चालू राहाव्यात असे कितीतरी भाग होते. आणि २००९ च्या सुमारासच्या एका भागाने मला स्वयंपाकघरातला दिवा लावून ठेवायला भाग पाडलं. मला असलं काही छळायला लागलं की मी आडवा-उभा शोध घेत सुटतो. बायको त्याला खोड म्हणते. भुताच्या मालिका सगळीकडेच अशा वरखाली होतात का, हे बघायला मी थेट अमेरिकेत, १९५९ सालात जाऊन पोचलो. रॉड सर्लिंगची 'ट्वायलाइट झोन'. सगळीच काही भुताची नाही, पण ज्यात दर आठवड्याला नवी गोष्ट, नवी माणसं आणि शेवटी पोटात गोळा, अशा मालिकांची ती आजी. पाच सीझन, १५६ भाग, त्यातले ९२ एकट्या सर्लिंगने लिहिलेले. डिक्टाफोनवर तोंडी सांगायचा आणि सेक्रेटरी टाइप करायची. एका माणसाच्या पोटात ९२ गोष्टी असतात का? नसतात. मग कधी कधी तो गोष्ट सोडून भाषण देतो आणि आपल्याला ते लगेच कळतं.

त्यातही मला गंमत वाटली ती कारणांची. दुसऱ्या सीझनमध्ये खर्च वाचवायला सहा भाग फिल्मऐवजी व्हिडिओटेपवर घेतले. ते भाग आले की एकदम कुणीतरी ट्यूबलाइट लावल्यासारखं होतं. सगळं सपाट, सगळं स्टुडिओच्या चार भिंतींत. गोष्ट वाईट नसते, पण हवाच निघून गेलेली. चौथ्या सीझनला अर्ध्या तासाचा भाग तासाचा केला, १९६३ च्या जानेवारीपासून असे अठरा भाग. अर्ध्या तासाच्या गोष्टीत तासाचं पाणी घातलं की काय होतं ते आमटी करणाऱ्या कुणालाही विचारावं. निर्माता बक हॉटन तिसऱ्या सीझननंतर सोडून गेलेला. चार्ल्स बोमाँ हा त्यांचा सर्लिंगखालोखालचा हुकमी लेखक, त्याला मेंदूच्या आजाराने गाठलं. पस्तिशीही न गाठलेला माणूस, लिहिता येईना. मित्र त्याच्यासाठी लिहायचे आणि नाव त्याचं लागायचं, म्हणजे पैसे त्याच्या घरी जातील. इंग्रजीत अशा लिहिणाऱ्याला घोस्ट रायटर म्हणतात. त्या मालिकेतली खरी भुतं बहुधा हीच. बोमाँ १९६७ ला गेला, अडतीस वर्षांचा. हे वाचल्यावर त्या काळातला एखादा भाग फसलेला दिसला तरी त्याला फसलेला म्हणवेना.

पाचवा सीझन सगळे थकलेला मानतात. एक आख्खा भाग तर त्यांनी बनवलाच नाही, पैसे वाचावेत म्हणून एक फ्रेंच लघुपट विकत घेऊन दाखवून टाकला. तो निघाला ऑस्कर मिळवणारा. आणि विमानाच्या पंखावर बसून इंजिन उचकटणारा तो प्राणी, बोलणारी ती बाहुली, ज्यांची नावं लोक अजून काढतात, तीही या थकलेल्या सीझनची अपत्यं. कँटीनमधल्या माझ्या सल्ल्याने कुणी गेला असता तर ही दोन्ही त्याच्या नशिबी नव्हती.

सर्लिंगच्या पुढच्या मालिकेची गोष्ट जास्त लागली मला. 'नाइट गॅलरी', ही मात्र चोख भुताखेतांची. १९६९ ला आधी तिचा टीव्हीसाठीचा चित्रपट आला, तीन गोष्टींचा, त्यातली मधली गोष्ट बावीस वर्षांच्या स्टीव्हन स्पीलबर्गने दिग्दर्शित केलेली आणि त्यात जोन क्रॉफर्ड, म्हणजे तेव्हाची बडी असामी. सुरुवात अशी. मग मालिका सुरू झाली आणि सर्लिंगच्या लक्षात आलं की आपण फक्त चित्रांच्या दालनात उभं राहून प्रस्तावना करायला उरलोय. सूत्रं जॅक लेअर्ड या निर्मात्याकडे. त्याला दोन भयकथांच्या मधे रक्तपिपासू काउंटचे छोटे विनोदी चुटके टाकायची हौस, सर्लिंगला त्यांचा मनस्वी तिटकारा. एकाच भागात वीस मिनिटं अंगावर काटा आणि पुढची दोन मिनिटं गॅदरिंगमधली नाटुकली. तिसऱ्या सीझनला तास कापून अर्धा तास केला, आणि पुढे पुनःप्रक्षेपणासाठी जुने भागही कापले, वर भलत्याच एका मालिकेचे भाग त्यात घुसडले. त्यांच्याही प्रस्तावना सर्लिंगनेच केल्या. आपल्या नसलेल्या गोष्टी, आपल्या नावाखाली, आपल्या तोंडून. १९७५ च्या जूनमध्ये तो गेला, पन्नासाव्या वर्षी. त्या प्रस्तावना बघताना मी त्याच्या गोष्टींकडे नाही, त्याच्या चेहऱ्याकडे बघत बसलो होतो. त्या सुटाबुटातल्या माणसाला ठाऊक आहे की पुढची गोष्ट टाकाऊ आहे, आणि तरी तो आपल्याला दालनात आत बोलावतोय.

रोजच्या मालिकेचं बरं असतं. सासू ठरलेली, सोफा ठरलेला, भांडण ठरलेलं. एक दिवस कमी-जास्त झालं तरी कुणाच्या लक्षात येत नाही. दर वेळी नवी गोष्ट म्हणजे दर वेळी नवं घर, नवी सून, नवा वॉचमन, नवा खून. ही माणसं आपल्याला आवडायला वीस मिनिटं, मग त्यांना मारायला वीस मिनिटं. शिवाय भूत परत वापरता येत नाही. एकदा दिसलेलं भूत म्हणजे शिळी भाकरी. आपल्याकडे दिवाळी अंक वर्षानुवर्षं हेच करत आलेत. पैसे मोजून घेतो, त्यातली एक गूढकथा अशी असते की लक्ष्मीपूजनाच्या रात्री अंगणातली पणती विझली तर बाहेर जायची हिंमत होत नाही, आणि बाकीच्या पाच फराळाबरोबर संपतात. म्हणून आपण अंक घ्यायचा थांबतो का? मराठीत रत्नाकर मतकरींच्या गूढकथांवर 'गहिरे पाणी' आली, तेव्हा निदान सगळी भुतं एका घरची होती, एका माणसाने जोखलेली. तिथेही डावं-उजवं होतंच, पण चव एक होती.

आमच्या घरी रामसे बंधूंचा 'झी हॉरर शो'ही लागायचा, पण आईचं त्याच्याशी फारसं जमलं नाही. ज्यांनी मुरुडच्या नवाबाचा वाडा सिनेमात उभा करून सगळ्या देशाला घाबरवलं होतं ती मंडळी १९९३ मध्ये टीव्हीवर आलेली, त्यामुळे धूर, दाढ, सुळे यांची चंगळ. पण त्यांची एक गोष्ट आठवडेच्या आठवडे चालायची. हल्लीच मी आईला विचारलं, तो का नाही बघायचीस तू? तर म्हणाली, "क्रमशः यायचं ना त्यात. भूत काय आठवडाभर घरात ठेवून घ्यायचं?"

अण्णा गेल्यापासून आई माझ्याकडे पुण्याला असते. मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली, तरी रात्री टीव्हीचा उजेड डोळ्याला टोचतो म्हणते. साडेनऊला आतल्या खोलीत जाते, अंधारात जप करत पडते. तिच्याशी शेंगांबद्दल बोलायचं माझ्या कितीतरी दिवस मनात होतं. अखेर एका रविवारी लसूण सोलताना काढला विषय. अण्णा रात्री गाडीवर, घरात तू एकटी मोठी, आणि बघायचीस काय तर भुतं? तिला यात विचारण्यासारखं काय आहे तेच कळेना. "घरात कुणाचा तरी आवाज असलेला बरा असतो," म्हणाली. मग जरा वेळाने, एक पाकळी सोलून झाल्यावर, "आणि त्यातलं जे काय असेल ते एका-दोन रात्रींत मिटायचं. कोण मेलं, कुणी मारलं, कळायचं. तुझ्या अण्णांची गाडी पुढे कुठे उभी राहिलीय ते सकाळपर्यंत कळायचं नाही." मी विचारलं, फालतू भाग लागला की राग नाही यायचा? "राग कसला? फालतू असला की शेंगा जास्त व्हायच्या."

मला आत पडल्यापडल्या वाटायचं की आई घाबरून थांबते. तिच्या लेखी तो हिशेबच वेगळा होता. चांगला भाग असला तर रात्र सरायची, वाईट असला तर कूट व्हायचं.

दरम्यान कँटीनमधला तो मुलगा परत भेटला. पहिल्या सीझनचे चार भाग बघून झोप आली म्हणाला. त्याने हे अत्यंत नम्रपणे सांगितलं, मध्येच दोनदा 'सॉरी सर' म्हणाला. नंतरच्या काळातला एक भाग मात्र त्याला जबरदस्त वाटला, त्या रात्री त्याने रूममेटला उठवून बाथरूमपर्यंत सोबत नेलं म्हणे. कुठला भाग ते त्याने वर्णन करून सांगितलं. तो मी आदल्याच आठवड्यात बघितला होता आणि अर्ध्यात बंद केला होता. मी नुसता 'असं का' म्हणालो. माझा चेहरा जरा पडला असावा, कारण त्याने माझ्या चहाचे पैसे दिले.

त्या रात्री मी तो भाग परत लावला. त्याचा मान म्हणून म्हणा, किंवा त्याला खोटं पाडायचं म्हणून. इअरफोन सापडत नव्हते, म्हणून आवाज बारीक ठेवला. बायको माहेरी, मुलगी अभ्यासाच्या नावाखाली तिच्या खोलीत मोबाइलवर. घरात तेवढाच एक आवाज आणि आतून आईचा जप, 'श्रीराम जयराम जयजयराम', ओठांतल्या ओठांत, नळ नीट बंद झालेला नसावा तसा अखंड चालू. पडद्यावर एक बाई एका दारासमोर उभी होती. ढोल वाजला. धूर आला. मला काजळ दिसत होतं, धुराची कड दिसत होती, दाराला नुकताच दिलेला रंगही दिसत होता. कंटाळून मी ते चित्र थांबवलं आणि पाणी प्यायला उठलो. माठाकडे जाताना कुठेतरी काहीतरी कमी आहे असं वाटलं. पेला भरून झाला तरी काय ते उमगेना. मग कळलं.

आतला जप थांबलेला होता.

मी पेला हातात घेऊन तसाच उभा राहिलो. किती वेळ थांबला होता कुणास ठाऊक. मी श्वास मोजायला लागलो, जुनी सवय. सातव्या की आठव्या श्वासाला पडद्यापलीकडून आई म्हणाली, "बंद का केलंस रे?"

"झोपली नाहीस तू?"

"ती बाई दार उघडते का?"

मी बाहेर येऊन बसलो, थांबवलेलं परत चालू केलं आणि आवाज दोन घरं वाढवला.